गाडीला पाणी पाजल्याचा आरोप

माझ्या थोरल्या भावाने उभ्या आयुष्यात एकदाच चौकशीपुढे जबाब दिला, आणि तो एका वाक्याचा होता. "मी तिले पानी पाजस," असे तो म्हणाला. त्या वाक्यावरून त्याला चोर ठरवण्यात आले. ज्यांनी ठरवले ते शिकलेले आणि वयाने मोठे होते. कोणालाही दोषी धरण्यापूर्वी त्याचे म्हणणे नीट समजून घ्यावे लागते, हा साधा नियम त्यांना ठाऊक नव्हता असे मी मानत नाही. त्यांनी तो पाळला नाही. माझी तक्रार तेव्हाही एवढीच होती आणि आज हातात काठी आली तरी तेवढीच आहे.

मी शहाद्याच्या मामलेदार कचेरीच्या ओसरीत बसून लोकांचे अर्ज लिहून देत असे. वकिलीची सनद माझ्याजवळ नव्हती. परंतु समोरचा माणूस अहिराणीत, भिलीत, पावरीत जे बोलतो ते कचेरीच्या मराठीत उतरवताना एक शब्द इकडचा तिकडे झाला तर त्याची जमीन जाते, हे मी रोज पाहत होतो. म्हणून माझ्याच घरातल्या माणसाचा एक शब्द इकडचा तिकडे केला गेला, तेव्हा मी गप्प बसणे शक्य नव्हते.

ही गोष्ट साठच्या दशकातली. नंदुरबार तेव्हा धुळे जिल्ह्याचा एक तालुका होता आणि शहादा दुसरा. शहाद्यात एका खाजगी विश्वस्त मंडळाचा छोटा दवाखाना होता. दवाखान्याला एक काळी विलायती मोटार होती, महायुद्धापूर्वीची. तापीकाठच्या एका गुजर बागायतदाराने स्वतः नवी मोटार घेतली तेव्हा ही जुनी मंडळाला देऊन टाकली होती. ते गृहस्थ मंडळाचे सभासदही होते. त्यांना सगळे पाटीलबाबा म्हणत. माझा भाऊ, ज्याला मी दादा म्हणत असे, लढाईत लष्करी लॉऱ्या चालवून परतला होता. तो या मोटारीचा ड्रायव्हर. डॉक्टरांना घेऊन कधी तापीकाठच्या गावांना, कधी सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांना जाणे आणि रोगी घेऊन येणे, हे त्याचे काम होते.

थंडीत गाडीची काही तक्रार नव्हती. ऊन वाढले आणि तिने एक खोड धरली. सकाळी पहिल्या हँडलला सुरू होई. चालत असे तोवर चाले. परंतु भर दुपारी लांबून चालून आली आणि एकदा बंद केली, की पुन्हा सुरू होत नसे. हँडल मारून मारून दादाचे खांदे भरून येत. सावलीत बराच वेळ उभी ठेवली, तर मात्र काहीच घडले नव्हते अशा थाटात सुरू होई. आधीच्या उन्हाळ्यांत तिने असे कधी केले नव्हते. पावसाळ्यानंतर इंजिन एकदा कारखान्यात उघडून दुरुस्त करून आणले होते, त्यानंतरचा हा पहिला उन्हाळा.

आणि याच दिवसांत म्हसावदच्या पुढच्या एका पाड्यावरून अडलेली बाळंतीण आणायची वेळ आली. परत येताना तिला कळा असह्य झाल्या, म्हणून डॉक्टरांनी एका कोरड्या नाल्याजवळ गाडी थांबवायला लावली. दादाने इंजिन बंद केले. डॉक्टरांनी तिला तपासले आणि निघायला सांगितले, तेव्हा गाडी सुरू होईना. आसपास सावलीला झाड नव्हते. जवळ होते ते पाणी बाईला पाजण्यात आणि तिच्या कपाळावर शिंपडण्यात संपले होते. शेवटी वाटेने जाणाऱ्या एका बैलगाडीत तिला घालून आणावे लागले. दवाखान्यात पोचल्यावर ती सुखरूप बाळंत झाली, मूलही वाचले. हे मी मुद्दाम नमूद करतो, कारण पुढे ज्यांनी ज्यांनी ही गोष्ट सांगितली त्यांनी एवढा भाग गाळून सांगितला.

मंडळाचे चिटणीस पुण्याकडून आलेले, महसूल खात्यातून निवृत्त झालेले होते. ते दुसऱ्या दिवशी गाडीपाशी आले, त्यांनी डिकी उघडली, आणि त्यांना तीत रॉकेलचा एक डबा सापडला. रिकामा डबा. दादा त्यात रेडिएटरसाठी पाणी भरून नेत असे. डब्याला रॉकेलचा वास येत होता. रॉकेलच्या डब्याला दुसरा कसला येणार? तेवढ्यावर चिटणिसांनी निष्कर्ष काढला, की ड्रायव्हर पेट्रोल काढून विकतो, टाकीत रॉकेल मिसळतो आणि म्हणून गाडी बंद पडते.

चौकशी म्हणून दादाला आत बोलावले. मला दाराशी अडवले, कारण मी तिऱ्हाईत. खुर्च्यांवर चिटणीस, डॉक्टर आणि पाटीलबाबा. आत काय झाले ते मला दादाने सांगितले आणि पुढे डॉक्टरांनीही तसेच सांगितले. चिटणिसांनी विचारले, "गाडी अडली की तू काय करतोस?" दादा उत्तरला, "मी तिले पानी पाजस."

आता येथे आमच्या मुलखातली एक गोष्ट समजून घ्यायला हवी. तापीकाठच्या विहिरींवर तेव्हा रॉकेलवर चालणारी इंजिने होती आणि शेतकरी त्यांच्याविषयी बोलताना 'इंजिनले रॉकेल पाजनं' असेच म्हणत. जे टाकीत ओतायचे ते पाजायचे. चिटणिसांना अहिराणी येत नव्हती, पण शेतांवरून फिरून हा एक शब्द त्यांनी उचलला होता. म्हणून त्यांच्या लेखी पानी पाजस म्हणजे टाकीत पाणी ओततो. दादाच्या मनात मात्र इंजिन नव्हते, बैल होता. बैलाला पाजतात तसे तो तिला पाजत होता. चिटणीस लगेच म्हणाले, "म्हणजे रॉकेलच नाही, पाणीसुद्धा. कबूल केलंस, बरं झालं." दादाने त्यांच्याकडे एकदा पाहिले, टोपी डोक्यावर चढवली आणि बाहेर निघून आला. त्या निघून येण्याचाही कबुली म्हणूनच अर्थ लावण्यात आला.

निर्णय आखाजीच्या आधी होणार होता: दादाला काढायचे आणि पोलिसांत वर्दी द्यायची. आखाजी म्हणजे अक्षय तृतीया, आमच्याकडे लेकींचा सण. लग्न झालेल्या मुली माहेरी येतात, निंबाच्या फांदीला झोके बांधले जातात. दादाची मुलगी लग्नानंतर पहिल्यांदाच येणार होती. वहिनी चुलीपुढून न उठता एवढेच म्हणाली, "पोर दारमा पाय ठेवाना पहिले गाव तिले सांगी दी. तिनी सासू काय म्हनी?"

मी दादाला विचारले, "तिथंच का नाही सांगितलं, पाणी कुठं घालतोस ते?"

"त्यास्नी इचारं नही."

"विचारलं नाही तरी सांगायचं असतं."

"भाऊ, तुन्हा कायदा तुन्हाजोडे ठेव. मी सकाये चावी फेकी येस त्यास्ना तोंडवर."

मी त्याला बजावले, की चावी टाकणे म्हणजे राजीनामा, आणि चौकशी चालू असताना दिलेला राजीनामा म्हणजे गुन्ह्याची कबुली. तो खाटेवर भिंतीकडे तोंड करून पडला. पण चावी टाकली नाही.

मंडळाच्या न्यायबुद्धीचा आणखी एक नमुना येथेच सांगतो. चोर ठरवलेल्या माणसाच्या ताब्यात त्यांनी गाडी तशीच राहू दिली. दुसरा ड्रायव्हर मिळत नव्हता. म्हणजे दादा सकाळी डॉक्टरांना घेऊन जायचा, रोगी आणायचा, आणि दवाखान्याच्या आवारात शिरला की चोर व्हायचा. मला मात्र त्याचा उपयोग झाला. दुपारी फेरी संपवून आलेली, तापलेली गाडी मला रोज आवारात तपासायला मिळू लागली.

मला यंत्राचे ज्ञान नाही. तपासाची पद्धत ठाऊक होती. गाडी सुरू व्हायला ठिणगी लागते आणि पेट्रोल लागते. दोघांपैकी कोण गैरहजर राहते ते शोधायचे. माझा पहिला संशय ठिणगीवर होता. ठिणगी देणारी कॉइल तापली की तिची ताकद जाते, असे मी कुठेतरी ऐकले होते आणि ते मला इतके पटले होते की त्यावर अर्जाचा मसुदाही मनात तयार झाला होता. दादाने एका प्लगची वायर काढून इंजिनाच्या लोखंडापासून थोडी दूर धरली आणि मला हँडल फिरवायला सांगितले. भर उन्हातसुद्धा निळी ठिणगी कडकन उडाली. पुन्हा फिरवले, पुन्हा उडाली.

दादा त्या दिवसांत पहिल्यांदा हसला. "व्हयना का वकील? ही सुटनी. आते कोनावर खटला भरस?"

राहिले पेट्रोल. इंजिनाच्या कुशीला पेट्रोल ओढणारा छोटा पंप होता आणि त्याच्या डोक्यावर एक काचेची वाटी. टाकीतले पेट्रोल त्या वाटीतून पुढे जाई; त्यात कचरा किंवा पाणी असेल तर ते वाटीच्या तळाशी बसे. मी खाली वाकून वाटीत पाहिले. तळाशी पाण्याचा थेंब नव्हता. पेट्रोल स्वच्छ होते. परंतु ते स्थिर नव्हते. चहाला उकळी फुटावी तसे त्यात बुडबुडे उठत होते, आणि माझ्या डोळ्यांदेखत वाटी रिकामी होत गेली. दादाने हँडल मारले. वाटीत पेट्रोल चढेना, बुडबुडेच फिरत राहिले. मग त्याने बंपरला टांगलेली कॅनव्हासची पाण्याची छागल सोडली, पंपावर आणि त्याच्याकडे येणाऱ्या तांब्याच्या नळीवर पाणी ओतले. चर्र असा आवाज झाला. थोड्या वेळाने बुडबुडे निवले, वाटी भरली, आणि तिसऱ्या हँडलला इंजिन धडधडले.

"हेच ते पाणी पाजणं?"

"हाई नही ते काय? तपी जास, तिले तीस लागस."

तहान लागते. एवढेच त्याचे कारण होते, आणि ते कारण अर्थात चूक होते. पेट्रोल उकळून त्याची वाफ होत होती आणि पंप वाफ ओढू शकत नव्हता. पण उपाय बरोबर होता, आणि वाटीच्या तळाशी पाणी नव्हते. मला एवढे पुरेसे होते.

मी मंडळाला पत्र लिहिले. त्यात दोन मुद्दे मांडले. पहिला असा, की टाकीत पाणी असते तर ते काचेच्या वाटीत दिसले असते. ती वाटी कोणीही पाहावी. दुसरा असा, की पेट्रोलात रॉकेल असते तर गाडी सकाळी थंड असताना अडली असती, दुपारी नव्हे. विहिरीवरचे इंजिन सकाळी रॉकेलवर सुरू होत नाही. आधी पेट्रोलवर तापवावे लागते, मग ते रॉकेल घेते, हे तापीकाठचा प्रत्येक शेतकरी जाणतो. येथे तर उलट आहे. तेव्हा टाकी रिकामी करावी, चिटणिसांनी स्वतः आणलेले पेट्रोल भरावे, आणि गाडी भर दुपारी सर्वांसमक्ष तपासावी. शुद्ध पेट्रोलावरही ती अडली, तर आरोप टिकत नाही.

उत्तर आले नाही. मी दुसरे पत्र लिहिले. मग प्रत्येक सभासदाला वेगळे लिहिले. त्यांपैकी फक्त पाटीलबाबा आले, आणि ते पत्राने न येता स्वतः कचेरीच्या ओसरीत येऊन माझ्या चटईवर बसले.

"इतलं लिहस तू," ते म्हणाले, "बोट दुखत नही का?"

"दुखतात, पाटीलबाबा. पण तुम्ही वाचलंत ना?"

"वाचं. रॉकेलनं ते खरं शे. सकाये रॉकेल पाजी दखा इंजिनले, घेस का ते? अख्खा गाव घाम गाळस तरी घेत नही." मग म्हणाले, "मी त्या दिवशी आठवाले पाहिजे व्हतं. पन चिटनीस सायेब इतला झपाझप बोलनात. घ्या परीक्षा. मी सांगस त्यास्ले."

परीक्षा ठरली ती निर्णयाच्या दिवशीच. चिटणिसांनी अट घातली, की गाडी अडली तर आरोप मागे. परंतु शुद्ध पेट्रोलावर सुरू झाली, तर आधीच्या पेट्रोलात भेसळ होती हे सिद्ध समजायचे आणि तिथेच दादाला काढण्याचा कागद पुरा करायचा. अट ऐकायला न्याय्य होती. मी मान्य केली.

त्या दिवशी मला आयुष्यात प्रथमच गाडी सुरू होऊ नये असे वाटत होते. दादाला मी आदल्या दिवशी आणि त्या सकाळी, दोनदा निक्षून सांगितले, की आज तिला पाण्याचा थेंबही नाही. त्याने मान हलवली. टाकी त्यांच्यासमोर रिकामी केली. चिटणिसांनी स्वतः आणलेले पेट्रोल स्वतः ओतले. दादा गाडी घेऊन तापीकाठच्या प्रकाशा गावापर्यंत गेला आणि परत आला. शेजारी डॉक्टर बसले होते. आवारात शिरताना बॉनेटवरून हवा थरथरत होती. दादाने ती मधोमध उन्हात लावली आणि बंद केली.

थांबायचे ठरले होते, म्हणजे बंद इंजिनाची धग पंपापर्यंत चढेल. आम्ही सगळे दवाखान्याच्या व्हरांड्यात गेलो. दादा गाडीपाशीच राहिला. चिटणीस पंख्याने वारा घेत पाटीलबाबांशी कसल्याशा देणगीविषयी बोलत होते. मी पाठ टेकून बसू शकलो नाही. अखेर चिटणीस उठले आणि म्हणाले, "चला, होऊन जाऊ द्या."

दादाने हँडल लावले. पहिल्याच फिरकीला गाडी सुरू झाली.

इंजिन सुरेल चालू होते, इतके की मला त्याचा राग आला. चिटणिसांनी पंखा बगलेत धरला. "चांगल्या पेट्रोलावर चांगली चालते म्हणायची," ते म्हणाले. "आता पुरावा पुरा झाला ना, अर्जनवीस? कागद आत आहे." डॉक्टर खाली पाहू लागले. पाटीलबाबा दादाकडे पाहत होते आणि त्यांच्या चेहऱ्यावर आता शंका होती. दादा हँडल हातात धरून उभा होता. त्याच्या तोंडावर भीती नव्हती, लाज होती, आणि ती कशाची आहे हे मला कळेना.

मग मला जमीन दिसली. गाडीच्या डाव्या बाजूखाली, पंपाच्या बरोबर खाली, धुळीत ओला डाग होता. तो कडेने वाळत चालला होता. बंपरवरची छागल सपाट लोंबत होती.

मी दादाच्या जवळ गेलो. "पाणी घातलंस?"

त्याने आवाज खाली केला. "हात गया, भाऊ. तपीसन उनेल बैलले पानी बी नही पाजवं का? इतला लोकेसमोर तिनी अब्रू जाई, मन्हाघाई नही दखायनं."

चोरीचा आळ स्वतःवर असताना या माणसाला गाडीच्या अब्रूची चिंता होती. मला त्या क्षणी त्याला मारावेसे वाटले, हे लिहून ठेवायला मला संकोच वाटत नाही.

चिटणीस पायऱ्या चढू लागले होते. मी त्यांच्या आणि दाराच्या मध्ये उभा राहिलो. माझा आवाज चढला असेल, चढलाच. मी म्हणालो, की ही परीक्षा दूषित झाली आहे, म्हणून ती ग्राह्य नाही. पंपावर पाणी ओतले गेले आहे. खाली ओल आहे. ती सर्वांनी येऊन पाहावी आणि परीक्षा नव्याने घ्यावी.

"म्हणजे तुमच्या भावानं आमच्या पाठीमागं लबाडी केली," चिटणीस म्हणाले, "आणि तुम्हीच ती आम्हाला सांगताय."

"लबाड माणूस स्वतःच्या विरुद्ध लबाडी करत नाही, साहेब. गाडी अडली असती तर तो सुटत होता. त्यानं ती सुरू केली."

चिटणीस थबकले. पण मागे फिरले नाहीत. "अट ठरलेली होती. तुम्ही मान्य केली होती. पुन्हा पुन्हा घ्यायला हा काय चेंडूफळीचा डाव आहे?"

तेवढ्यात पाटीलबाबा उन्हात उतरले, धोतराचा सोगा वर धरून खाली वाकले, त्यांनी ओल्या मातीला बोट लावले आणि ते सरळ उभे राहिले. "आखो एक डाव करा," ते म्हणाले.

"पाटील, जेवणाची वेळ..."

"जेवन पयी जात नही. करा."

या वेळी छागल काढून व्हरांड्यात चिटणिसांच्या खुर्चीला टांगली. गाडी आवारातच उन्हात बराच वेळ चालू ठेवली, मग बंद केली. दादाला मी माझ्या शेजारी बसवले. त्याचे डोळे गाडीवरून हलत नव्हते आणि हात मांडीवर वळवळत होते. इंजिन निवताना लोखंड टिक टिक वाजते, तेवढाच आवाज येत होता.

डॉक्टर म्हणाले, "हँडल मी मारतो." त्यांनी मारले. काही नाही. पुन्हा मारले. त्यांच्या सदऱ्यावर घामाचा डाग पसरला. गाडी हूं की चूं करीना. मी चिटणिसांना बॉनेटपाशी बोलावले आणि वाटी दाखवली. चिटणिसांच्या हाताने ओतलेले पेट्रोल त्यांच्या डोळ्यांसमोर उकळत होते. वाटीच्या तळाशी पाणी नव्हते. चिटणिसांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिले.

"पण हे याच वर्षी का?" डॉक्टरांनी विचारले. प्रश्न योग्य होता.

पाटीलबाबा एव्हाना बॉनेटमध्ये डोके घालून होते. त्यांनी धुराड्याचा तापलेला नळ आणि पंप यांच्या मधल्या रिकाम्या जागेवर बोट ठेवले. तिथे दोन स्क्रूंची भोके उघडी होती. "आठे पत्रा व्हता. मन्ही गाडी व्हती, माले माहीत नही का? हाऊ पत्रा कोठे गया?"

पत्रा कारखान्यात राहिला होता. इंजिन उघडताना काढला आणि परत बसवायला कोणीतरी विसरले. आडोसा गेला, म्हणून धुराड्याची धग सरळ पंपावर येत होती. थंडीत ते जाणवले नाही.

याच वेळी फाटकातून एक माणूस धावत आला. पायथ्याच्या बाजूला एकाला साप चावला होता. त्याला गावाबाहेरच्या वडापर्यंत बैलगाडीत आणले होते, पुढे बैल ओढेनात. डॉक्टर बॅग आणायला आत पळाले. गाडी अजून तशीच, आग झालेली. दादाने हँडल उचलले आणि बॉनेटच्या दुसऱ्या बाजूला उभ्या असलेल्या चिटणिसांकडे पाहिले. छागल त्यांच्याच खुर्चीला टांगलेली होती. ते ती घेऊन आले आणि कुठे ओतायचे ते विचारत उभे राहिले.

"आठे," दादा म्हणाला. "पाजा सायेब, पाजा. तिले तीस लागेल शे."

चिटणिसांनी पाणी ओतले. थोडे त्यांच्या वहाणांवर सांडले. चर्र आवाज झाला. वाटी भरली. दादाने हँडल मारले, गाडी सुरू झाली, आणि तो डॉक्टरांना घेऊन फाटकाबाहेर गेला. सर्पदंशाचा तो माणूस वाचला.

दादाला काढले नाही. पोलिसांत वर्दी गेली नाही. मंडळाने ठरवले ते असे, की ड्रायव्हरला 'तूर्त कामावर कायम ठेवण्यात येत आहे'. तूर्त. ज्याच्याविरुद्ध काहीही सिद्ध झाले नाही त्याला तूर्त ठेवतात का, असे मी विचारले. आरोप मागे घेतल्याचे चार शब्द लिहा, असे मी कळवले. चिटणीस मला रस्त्यात भेटले की म्हणत, "अहो, गैरसमज होता, झालं गेलं." झाले गेले हे तोंडी सांगून भागत नाही. कबुली जर नोंदवली होती, तर तिचे खोटेपणही नोंदवायला हवे. त्या चार शब्दांसाठी मी चिटणीस हयात असेपर्यंत पत्रे पाठवली आणि त्यांच्यानंतर आलेल्यांनाही पाठवली. उत्तर अजून यायचे आहे.

दादाला त्याचे काही वाटले नाही, आणि याचाही मला राग येतो. पुढच्या उन्हाळ्यांत गाडी आवारात शिरली की चिटणीस व्हरांड्यातून त्यांच्या मोडक्या अहिराणीत विचारायचे, "काय रे, पाणी पाजं का?" आणि दादा हसून म्हणायचा, "पाजं, सायेब." त्या 'तूर्त'वर त्याने आणखी कित्येक वर्षे गाडी चालवली.

आखाजीला त्याची मुलगी आली. दारात तिला कोणी काही सांगितले नाही. सांगण्यासारखे काही उरले नव्हते. झोका बांधून झाला होता आणि ती अंगणात उभी होती. दादा गाडी घरी घेऊन आला होता आणि बॉनेटखाली अर्धा आत शिरून पत्रा बसवत होता. तो पत्रा डिकीत सापडलेल्या त्याच रॉकेलच्या डब्यातून कापलेला होता. मुलगी म्हणाली, "बा, काय व्हयनं व्हतं हिले?"

"काही नही," तो आतूनच म्हणाला. "स्क्रू दे."